रोग जेव्हा गुन्हा ठरला

माळावर चरायला सोडलेली शेळी कुणी चोरली, तर १८६० च्या दंडविधानाप्रमाणे चोराला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होत असे. तुरुंगाच्या दारातून आत जाताना त्याला आपल्या सुटकेची तारीख ठाऊक असायची. गावात मागे राहिलेली त्याची बायकोही बोटांवर महिने मोजू शकायची. त्याच काळातला दुसरा एक माणूस घ्या. त्याने शेळी चोरली नाही, कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. हातापायांची बोटे झडली म्हणून कुणी कामाला लावीना, म्हणून तो बाजाराच्या तोंडाशी वाडगा घेऊन बसला. पोलीस शिपायाने त्याला वॉरंटावाचून उचलले. डॉक्टरने दाखला दिला, मॅजिस्ट्रेटने हुकूम केला, आणि तो बंद फाटकाच्या आत गेला. त्याच्या हुकुमावर सुटकेची तारीख नव्हती.

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने केलेल्या तिसऱ्या कायद्याची ही रीत होती. या कायद्याचे नाव 'लेपर्स अ‍ॅक्ट', म्हणजे महारोग्यांचा कायदा. गुन्हा म्हणजे काय आणि गुन्हेगार कोण, हे समाज कसे ठरवतो, याचा विचार करायचा तर खून-दरोड्यांपेक्षा हा कायदा जास्त शिकवून जातो. आणि आपल्या चांद्याकडच्या माणसाला तो दूरचा वाटू नये, कारण या कायद्याला सर्वांत ठोस उत्तर दिले गेले ते वरोऱ्याच्या माळावर.

आधी कायदा नीट बघू. रोगी धरायचा कोणता, हे त्यात सांगितले होते. जो उघड्यावर भीक मागतो, भीक मिळावी म्हणून आपली जखम किंवा व्यंग दाखवतो, किंवा ज्याला पोटापाण्याचे काही दिसते साधन नाही, तो 'भिकारी महारोगी'. म्हणजे घरच्या माडीवर राहणारा श्रीमंत रोगी यात येत नव्हता. एकच रोग, एकच जंतू, पण एकाला वैद्य आणि दुसऱ्याला शिपाई! धरलेल्या माणसाला कुष्ठ-निरीक्षक डॉक्टर तपासायचा. मॅजिस्ट्रेटने त्याला आश्रमात पाठवले की तिथल्या मंडळाने किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेटने सोडा म्हणेपर्यंत तो आतच. पळून गेला तर पुन्हा वॉरंटावाचून अटक. एक पळवाट ठेवली होती. कुणा नातेवाइकाने किंवा मित्राने 'याला मी सांभाळीन, भीक मागू देणार नाही' असे लिहून दिले, तर मॅजिस्ट्रेट त्याला सोडू शके. पण ज्याला लिहून देणारा नातेवाईक उभा राहतो तो बाजारात वाडगा घेऊन बसतो कशाला?

दुसरे कलम याहून बारीक होते. ज्या भागात सरकार तसा हुकूम काढील तिथे रोग्याने खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधे किंवा कपडे विक्रीसाठी तयार करायचे नाहीत, विकायचेही नाहीत. सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर अंघोळ करायची नाही, धुणे धुवायचे नाही, पाणी भरायचे नाही. आगगाडी सोडून भाड्याच्या कोणत्याही सार्वजनिक गाडीत बसायचे नाही. मोडले तर वीस रुपयांपर्यंत दंड, आणि मनाई केलेल्या धंद्यात जाणूनबुजून त्याला कामाला ठेवणाऱ्या मालकाला पन्नास रुपयांपर्यंत. जरा थांबून याचा अर्थ लावा. काम करशील तर दंड, आणि काम नाही म्हणून भीक मागशील तर अटक!

हा कायदा आला कुठून? नॉर्वेतल्या बर्गेन गावी डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला होता. रोग पापामुळे होत नाही, रक्त बिघडूनही होत नाही, जंतूमुळे होतो, हे त्यामुळे कळले. हे ज्ञान मोठे होते, पण त्याबरोबर भीतीही आली. हवाई बेटांतल्या मोलोकाई येथे रोग्यांची सेवा करणारे बेल्जियन पाद्री फादर डेमियन त्याच रोगाने १८८९ साली वारले आणि विलायतेत एकच घबराट उडाली. निधी जमला, हिंदुस्थानात १८९०-९१ साली एक कमिशन पाठवले गेले. गंमत अशी की कमिशनने देशभर हिंडून, पाहणी करून जो निष्कर्ष काढला तो घाबरवणारा नव्हता. रोग सहजासहजी लागत नाही, सगळ्या रोग्यांना सक्तीने कोंडण्याची गरज नाही, असे त्यांनी म्हटले. पण शहरातल्या सुखवस्तू लोकांची तक्रार वेगळीच होती. मुंबईच्या रस्त्यांवर असे रोगी बसलेले त्यांना नको होते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० साली माटुंग्याला बेघर रोग्यांसाठी आश्रम काढला. तिथे पुढे चांगली सेवाही झाली, ते नाकारू नये. परंतु कायदा झाला तो मुख्यतः रोग डोळ्यांआड करणारा. उपचारासाठी त्याने फारसे काही केले नाही.

सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ म्हटले, तर ते मात्र खरे होणार नाही. कायदा व्हायच्या कितीतरी आधीपासून गावोगाव हीच शिक्षा चालू होती, आणि तिला शिपाई लागत नव्हता. रक्तपिती फुटली म्हणजे मागच्या जन्मीचे पाप फुटले, अशी समजूत. मग गावाबाहेर झोपडी, वेगळे मडके, दुरून टाकलेली भाकर. घरातल्या बहिणींची लग्ने अडायची, भाऊ वाटणी करून मोकळा व्हायचा. पंचांनी कधी बसून निवाडा केला, साक्षीपुरावा घेतला, असे नाही. सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली की निवाडा झालाच. गावकीची ही शिक्षा एका अर्थी सरकारी शिक्षेपेक्षा कडक होती, कारण सरकारने निदान एक दाखला तरी मागितला होता.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम नावाचे मोठे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १८९३ साली एक उलटा वाटणारा विचार मांडला. कृत्य मुळात गुन्हा असते म्हणून आपण संतापतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा आपण सगळे मिळून संतापतो म्हणूनच ते कृत्य गुन्हा ठरते. शिक्षक मंडळींना हा विचार वर्गात चर्चेला घेता येईल. मला तो अर्धा पटतो. खून हा कुठल्याही गावात खूनच असतो. पण दुर्खीम कृत्याविषयी बोलत होते, आणि १८९८ च्या कायद्यात कृत्य शोधूनही फारसे सापडत नाही. एरवी न्यायालय आरोपीला विचारते, 'तू काय केलेस?' इथे विचारले जाई, 'तू कोण आहेस?'

हाच प्रश्न विचारणारा दुसरा कायदा त्याच सरकारने १८७१ साली केला होता, गुन्हेगार जमातींचा. त्यात पारधी, कैकाडी अशा भटक्या जमातींची नावे यादीत घातली गेली. यादीतल्या जमातीत मूल जन्मले की ते जन्मतःच संशयित. मोठ्यांनी पोलिसांकडे हजेरी लावायची, परवान्यावाचून मुक्काम हलवायचा नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. स्वतंत्र भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. पण एखाद्या गावात चोरी झाली की पहिला शिपाई अजून कुठल्या पालाकडे वळतो, ते ग्रामीण भागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

आता वरोऱ्याकडे येऊ. जुन्या चांदा जिल्ह्यातले हे तहसिलीचे गाव. कोळशाच्या खाणीमुळे इथे वर्ध्याहून आगगाडी लवकर आली. बाजारपेठ होती, कचेरी होती, त्यामुळे वकीलही होते. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे हे त्यांतले एक. घरचे सधन, नागपूरला कायदा शिकलेले, वकिली चांगली चालणारी.

वरोरा तहसिलीतच त्या वेळी चिमूर होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणुकीवर गोळीबार झाला, माणसे पडली, जमाव खवळला आणि चार सरकारी नोकर मारले गेले. मागाहून आलेल्या गोऱ्या पलटणीने गावातल्या स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. चिमूरच्या कित्येकांना फाशी सुनावली गेली. देशभर गवगवा होऊन १९४५ साली त्यांच्या फाशीच्या शिक्षा टळल्या. सरकारी दप्तरात जे दंगेखोर व खुनी होते तेच १९४७ नंतर स्वातंत्र्यसैनिक झाले. चार माणसांचे प्राण गेले होते, ती गोष्ट काही बदलली नाही, पण तिला द्यायचे नाव बदलले. बेचाळीसच्या त्या धामधुमीत पकडलेल्यांची बाजू मांडायला उभे राहिलेल्या वकिलांत आमटे होते. सरकार ज्याला गुन्हेगार म्हणते त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने बघण्याचा सराव त्यांना तिथेच झाला असावा.

पुढे ते वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांची बाजू घेतली तेव्हा त्यांचे काम काय असते ते कळावे म्हणून नऊ महिने स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. याच काळात एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. हातापायांची बोटे गेलेली, अंगात किडे पडलेले. एवढा धीट माणूस, पण त्या क्षणी भ्याला आणि पळाला. त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. आपल्याला भीती वाटली याचीच त्यांना लाज वाटली. ते परत गेले, तुळशीरामावर आडोसा उभारला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम फार दिवस जगला नाही.

विदर्भात या कामाची वाट अगोदर कुणी चाललेच नव्हते असे मात्र नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ सालापासून रोग्यांची सेवा मांडली होती. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालीश करीत, आणि ते आश्रमातल्या सगळ्यांच्या देखत करीत. आमट्यांनी दत्तपूरला काम पाहिले, १९४९ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात जाऊन शिक्षण घेतले. तिथे तर प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात रोगाचे जंतू टोचून घेतले. रोग काही झाला नाही. भीती किती आणि रोग किती, याचा एवढा सरळ हिशेब क्वचितच कुणी केला असेल.

त्याच १९४९ साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली. गावाबाहेरची पन्नास एकर पडीक जमीन सरकारने दिली. सगळा खडक, काटेरी झुडपे, साप-विंचू. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. सोबत साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. पहिले काम विहिरीचे. १८९८ च्या कायद्याने ज्यांना सार्वजनिक विहिरीवरून हटवायची सोय केली होती, त्यांनी आपल्या संवेदना गेलेल्या हातांनी खडक फोडून स्वतःची विहीर खणली. संवेदना नाही म्हणजे काय, हे ज्याने वावरात काम केले त्याला समजेल. फावड्याचा दांडा घासून फोड आला, फुटला, तरी दुखतच नाही. न दुखल्यामुळे जखम वाढते, आणि बोट जाते ते अशा दुर्लक्षित जखमेने. म्हणून रोज संध्याकाळी एकमेकांचे हात-पाय तपासायचे, हे तिथे कामाइतकेच महत्त्वाचे.

जमिनीने भाजी दिली. अगोदर खाऊन उरेल एवढी, मग विकण्याजोगी. ती वरोऱ्याच्या बाजारात नेली, तर कुणी घेईना. सरकारचा कायदा एक वेळ लांब होता, पण बाजारातली ही न बोलता दिलेली शिक्षा समोर होती. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांबरोबर भिंती बांधल्या, त्यांच्याच हातचे खाल्ले. गोरी माणसे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याने पाहिले तेव्हा भाजी खपू लागली. (आपल्या माणसांनी सांगितलेले पटले नाही, परदेशी पाहुण्यांनी खाल्लेले पटले, यावर काय बोलावे!) १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या इमारती रोगातून उठलेल्या माणसांनी उभारल्या आणि शिकायला बसली वरोऱ्याची आणि आसपासच्या खेड्यांची धडधाकट मुले. पाठोपाठ कृषी महाविद्यालय आले. ज्यांना गावाने बाहेर काढले होते त्यांच्या दारात गाव शिकायला गेले.

एक लहानशी गोष्ट मला फार मोठी वाटते. आनंदवनाला स्वतःचे टपाल झाले आणि पत्रावर 'मुक्काम पोस्ट आनंदवन' असे लिहिले जाऊ लागले. ज्याला दिसते साधन नाही, ठिकाणा नाही, तो धरावा असे कायदा म्हणत होता. इथे त्या माणसाला पत्ता मिळाला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आनंदवन झाले ते गावाबाहेरच झाले. वरोऱ्यातल्या एखाद्या आळीत, चार घरांच्या मध्ये, रोगातून बरे झालेले कुटुंब भाड्याने राहू शकले असते तर त्या पन्नास एकरांची गरज कमी पडली असती. आनंदवन पाहायला बसगाड्या भरून लोक जातात, भारावून परत येतात, आणि आपल्याच भावकीतल्या एखाद्याला अजून ओसरीवर वेगळा पेला देतात. बाबा आमट्यांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते वारले, त्यांचा गौरव पुष्कळ झाला. पेला मात्र पुष्कळ घरांत वेगळाच राहिला.

कायद्याची पुस्तकेही त्यांच्या आयुष्यात फारशी बदलली नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून घातले गेले. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यातही जखम दाखवून भीक मागणे आणि कुष्ठरोगी भिकाऱ्याला वेगळे ठेवणे या गोष्टी आल्याच. इकडे वैद्यकशास्त्र पुढे गेले होते. सल्फोन जातीची औषधे १९४० नंतर हाती आली. निरनिराळी औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सांगितली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती १९८३ पासून घेतली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी 'असाध्य' हा शब्द कायद्यात आणखी छत्तीस वर्षे राहिला. २००८ साली, म्हणजे बाबा गेले त्याच वर्षी, ओरिसातील एका नगरपालिकेच्या निवडून आलेल्या सदस्याचे पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेले, आणि तिथला तो नियम सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. २०१५ साली विधी आयोगाने असे सगळे कायदे काढून टाका म्हणून अहवाल दिला. १८९८ चा कायदा काही राज्यांनी आधीच मोडीत काढला होता. केंद्राच्या पुस्तकातून तो २०१६ साली गेला, आनंदवन सुरू झाल्यानंतर पासष्ट वर्षांनी. घटस्फोटाचे कलम गेले २०१९ मध्ये.

या सगळ्यातून नुकसान कुणाचे झाले? रोग्याचे तर झालेच, पण गावाचेही झाले. ज्या गोष्टीला शिक्षा असते ती माणूस लपवतो. चोर चोरीचा माल लपवतो, तसा हा आपल्या पाठीवरचा चट्टा लपवत आला. सुरुवातीला तो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, सदऱ्याखाली सहज झाकला जातो. झाकलेल्या काळात औषध नाही, म्हणून नसा बिघडतात, हात वाकडा होतो, आणि ज्यांचा रोग संसर्गाचा असतो त्यांच्याकडून तो घरातल्यांनाही लागू शकतो. शेवटी बोटे जातात तेव्हा लोक म्हणतात, बघा, रक्तपिती कशी भयंकर असते! ती भयंकर व्हायला जी वर्षे लागली, ती लपवण्यात गेलेली होती. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला रोग लागण्याचे थांबते. भारताने २००५ च्या अखेरीस हा रोग दहा हजारांत एकाहून खाली आणल्याचे जाहीर केले. पण नवे रोगी सापडायचे थांबलेले नाहीत, आणि महाराष्ट्रात ते जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांत आपले चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत.

शाळेत एखादे पोर उकाड्यातही बाही खाली ओढून बसते, किंवा हाताला काटा रुतला तरी त्याला कळत नाही, असे गुरुजींच्या लक्षात आले तर त्याला वर्गापुढे उभे करू नये. घरच्यांना बाजूला घेऊन सांगावे. कातडीच्या रंगाहून फिकट किंवा तांबूस, बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि तेवढे दिवस ते पोर घरीच झोपते, घरच्या ताटात जेवते आणि रोज शाळेत येते.